दिवस मावळायच्या आत

"तू कोण गं? आदितीला बोलव," आक्का म्हणाल्या आणि ताट पुढं ढकललं.

नंदिनीनं खिडकीतून बघितलं. बावडा गावच्या उसावरून ऊन उतरायला लागलं होतं. सासरे गेले आणि आक्का एकेक करत सगळं विसरत गेल्या. तिला, थोरल्या सुनेला विसरल्या, अधूनमधून तिच्या नवऱ्याला, पोटच्या जयपाललाही. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा जैन घरातला नेम तेवढा पक्का राहिला. आत्ता जेवल्या नाहीत, तर सकाळपर्यंत उपाशी.

ती आतल्या खोलीत गेली. हातभर हिरव्या बांगड्या उतरवल्या. धाकट्या जावेसारखं मनगटावर घड्याळ बांधलं. परत येऊन, तिच्यासारखंच शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणाली, "आक्का, मी आदिती. जेवून घ्या बरं."

"आलीस व्हय?" आक्कांचा चेहरा उजळला. मुकाट्यानं खाऊ लागल्या. "ती दुसरी बाई वाईट न्हाय गं. पण तुझी सर न्हाय तिला."

नंदिनीनं भाकरी जरा जास्तच जोरानं कुस्करली.

वाटणी झाल्यापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. आक्का एक महिना इथं, एक महिना शहरात मंगळवार पेठेत, धाकट्या अरिहंतकडं. न्यायच्या-आणायच्या दिवशी तेवढी जावाजावांची तोंडं दिसायची. मागच्या वेळी आदितीनं आक्कांची पिशवी उंबऱ्यातच ठेवली होती.

"घेऊन जा, जाऊबाई. तुमच्याच आहेत त्या."

टोमणा नंदिनीला बरोबर लागला. आणि त्याहून जास्त लागल्या त्या आदितीच्या हातातल्या बांगड्या. हिरव्या. हातभर. कधी एक कांकण न घालणारी बाई!

"सासू घेतली, आता बांगड्यापण माझ्यासारख्याच पायजेत तिला," नंदिनी तेव्हा घरी येऊन म्हणाली होती.

"बांगड्याच हायत की त्या," जयपाल हसला.

"तुमास्नी न्हाय कळायचं."

पुढच्या महिन्यात आक्का तिकडं गेल्या. घरात कुणी 'तू कोण गं' म्हणणारं नव्हतं. तरी संध्याकाळ झाली की नंदिनीचे डोळे खिडकीकडं जायचे. तिकडं कशा खात असतील पोटभर, लाडक्या सुनेच्या हातनं. नाव बदलायला नको, घड्याळ बांधायला नको.

आणायच्या आदल्या दिवशी तिनं ठरवून टाकलं. "मी काय आणणार न्हाय त्यास्नी. तिच्याच हायत, तर ऱ्हाऊ देत तिच्याकडंच. कायमच्या."

"मग तूच सांग जा तिला," जयपाल म्हणाला.

"सांगतेच की."

दुसऱ्या दिवशी निघताना हातात शेवयांच्या खिरीचा डबा होता. तो का घेतला, तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवार पेठेतला जिना चढून ती वर आली, तेव्हा दारावरचं ऊन पिवळं पडलं होतं. दार अर्धवट उघडं. वाजवायला हात उचलला, तोच आत ताट सरकल्याचा आवाज झाला.

"तू न्हवं," आक्का आत कुणाला तरी म्हणत होत्या. "तुझ्या हातचं न्हाय खायाची मी. माझ्या नंदिनीला बोलव."

नंदिनीचा हात तसाच राहिला.

आत बांगड्या किणकिणल्या आणि आदितीचा आवाज आला.

"आले की वो आक्का, मी नंदिनीच हाय. ह्या बघा बांगड्या. खावा आता, दिवस मावळाय लागला."