आपल्या बाजूचं पुस्तक

"अहो, प्राध्यापक चक्क आपल्या बाजूला आले!" संपादक फोनवर हर्षवायू झाल्यासारखा बोलत होता. "मथळा तयार आहे. परीक्षण तेवढं संध्याकाळपर्यंत द्या."

समीक्षकबुवांनी फोन ठेवला आणि टेबलावरच्या प्राध्यापकांच्या नव्या जाडजूड इतिहासग्रंथाकडे वैतागून पाहिलं. धर्माच्या आधाराशिवाय राज्य टिकत नाही, हे त्यांचं जन्मभराचं मत. प्राध्यापकांचं नेमकं उलट. प्राध्यापकांनी पुस्तक लिहायचं, बुवांनी मासिकात त्याच्या चिंध्या करायच्या, आणि पुढच्या पुस्तकाच्या तळटीपांत प्राध्यापकांनी त्याचं उट्टं काढायचं. त्यामुळे बुवा त्यांचं पुस्तक नेहमी तळटीपांपासूनच वाचायला घेत.

या खेपेला तळटीपांत एकही चिमटा नव्हता. जिथे तिथे आपलं 'समीक्षकमहाशयांचं म्हणणं रास्त आहे'. वाचून वाचून बुवांचं अंग आंबून गेलं.

"म्हणजे जिंकलात की!" चहा ठेवत बायको म्हणाली. "मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

बुवांनी प्राध्यापकांचा नंबर शोधून फोन लावला. इतकी वर्षं भांडले ते छापून. बोलणं असं कधी झालंच नव्हतं.

"हे सगळं तुम्हाला खरंच पटलंय?"

पलीकडून आधी खोकला आला. "नाही हो. पण आता भांडायचं त्राण नाही. शेवटचं पुस्तक आहे, म्हटलं सुखानं जाऊ दे. जरा बरं लिहा."

बुवांना फार वाईट वाटलं. चार गोड ओळी खरडायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? पण त्यांनी स्टुलावर चढून प्राध्यापकांची जुनी पुस्तकं खाली काढली. त्यांतला एकेक मुद्दा वेचून, पदरचे दोन घालून, ते नव्या पुस्तकावर तुटून पडले. पाठ भरून आली तेव्हा कुठे लेखणी खाली ठेवली.

संध्याकाळी संपादकाचा पुन्हा फोन आला. आता त्याचा आवाज रडवेला झाला होता. "अहो, हे काय लिहिलंत? तुम्ही तर आपल्याच मताची सालं काढलीत! बाजू बदललीत की काय?"

"नाही रे बाबा. मत तेच आहे," बुवा डोळे मिटून म्हणाले. "पण समोर कुणीतरी नको?"