रिकामे हात

गुड्डीच्या ओढणीच्या सुटलेल्या दशांची तासाभरात बारीक वेणी झाली होती, आणि गुड्डीला त्याचा पत्ताच नव्हता.

"रिकामे हात आपसूक काय करतात ते बघा, आवडीचं काम तिथेच सापडतं," विज्ञानाच्या रजनी मॅडम सिल्वासातल्या त्या शाळेत दरवर्षी दहावीला सांगत. "गुड्डी, तू कापडाचं डिझाइन शीक."

"मम्मी तर बोलते, सीधा धाग्याच्या कंपनीत लाग."

"माझे हात तर मोबाइलवरच असतात, मॅडम!" कल्पेश म्हणाला.

"आणि बंद पडलेला मोबाइल खोलून बसतं कोण?" वर्ग हसला.

मागच्या बाकावर मुख्याध्यापक विश्वनाथ सर कौतुकाने ऐकत होते. नोकरी सोडायची आहे, हे त्यांना सांगायचं मॅडमच्या ओठांवर कितीदा आलं होतं. पण "तुम्ही आहात म्हणून पोरांना वाट सापडते," असं सर म्हणाले की ते तिथेच राहून जाई.

"मॅडम, तुमचे हात काय करतात?" गुड्डीने विचारलं.

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. खडू खाली ठेवलेले दोन हात तिथे नुसते पडून होते. मॅडमनीही ते जरा वेळ पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.




"सर, मार्चनंतर मी येणार नाही."