डावीकडची जागा

तांडेलांनी बांगड्याचे काटे अलगद काढले आणि तुकडा डावीकडे बसलेल्या बायकोच्या ताटात ठेवला. उजवीकडे पाहुणे म्हणून बसलेल्या वामनरावांचा घास हातातच राहिला. काटे असे काढायची वामनरावांची बायको, शालन.

माडावरून पडून मानेचा मणका मोडल्यापासून तांडेलांची बोटं हलत नव्हती. आता हातावरच्या पट्ट्यातून स्नायूंना विजेचे बारीक झटके मिळत आणि हात शालनसारखा हले. मरण्यापूर्वी तिने आपल्या हाताच्या सवयी दान केल्या होत्या; त्याच या पट्ट्यात भरल्या होत्या.

"इतक्या वर्षांत यांनी मला साधं पाणी वाढलं नाही," रेवतीबाई हसत म्हणाल्या. "आता बघा, काटे काढून देतात."

"मी कुठे देतो? हात आपोआप तिकडे जातो," तांडेल म्हणाले.

शालनच्या डावीकडे नेहमी वामनराव बसत. रेवतीबाईंचं हसू त्यांना बघवेना. ते ताट घेऊन उठले.

"वहिनी, तुम्ही पलीकडे बसता का? मला पंख्याचं वारं बाधतं."

जागा बदलल्या. थोड्या वेळाने पुढचा तुकडा वामनरावांच्या ताटात पडला. तांडेल ओशाळले.

"माफ करा हं, उष्टा हात."

"असू द्या," म्हणत वामनरावांनी ताट आणखी जवळ सरकवलं.

पलीकडे रेवतीबाई आपले काटे आपणच काढू लागल्या.