हिरवी खूण
मांजरीच्या चॉकलेटी पडलेल्या हिरड्या पाहून डॉक्टरांनी घाईने विचारलं, "बाई, काय दिलंत हिला?" "तापाची अर्धी गोळी, आपण घेतो तीच," त्यांच्या शाळेतल्या जुन्या बाई म्हणाल्या. "मांजरासाठी ते विष आहे! कुणी सांगितलं?" बाईंनी एक लेख उघडून मोबाईल त्यांच्या हातात दिला. "ऐकीव गोष्टींवर मी विसंबत नाही, माहितीय ना? तू तपासलंयस, म्हणून दिली." लेखाखाली 'पशुवैद्यांनी तपासलेले' अशी हिरवी खूण होती आणि शेजारी डॉक्टरांचाच हसरा फोटो. त्या संकेतस्थळाचे चाळीस लेख त्यांनी एका रविवारी, चहा पिता पिता, एकही ओळ न वाचता 'तपासून' टाकले होते. "सध्या सगळ्यांचीच मांजरं शिंकताहेत," बाई चाचरत म्हणाल्या, "म्हणून सकाळीच लेख शेजाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवला." डॉक्टरांच्या हातातच मोबाईल वाजला. शेजारणीचा निरोप होता: "दिली हो गोळी. पिल्लू अगदी शांत झोपलंय."