राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना

"ही ओळ काढा, पाद्रीजी," पोलीस ठाण्याचे दरोगा ढुंढिराज म्हणाले आणि त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली.

ओळ हिंदीत होती, मराठीत अशी : हे प्रभू, आमच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे.

बनारसच्या छावणीतल्या चर्चमध्ये उपासनेला अर्धा तास उरला होता. आणीबाणी लागून पाच महिने झाले होते, आणि रविवारच्या प्रार्थनेचा कागद आधी दरोगासाहेबांना दाखवावा लागे. रेव्हरंड नरहर ओहोळ मूळचे नगरचे, ढुंढिराज इथल्याच राजा घाटावरच्या मराठी भटजींचे चिरंजीव. त्यामुळे तपासणी मराठीत, अगदी घरगुती वातावरणात होई.

"पण यात वाईट काय आहे?" रेव्हरंडांनी विचारलं.

"सुबुद्धी दे म्हणजे सध्या नाहीये, असा मतलब निघतो."

"अहो, इंग्रजांच्या राजासाठीसुद्धा इथं हेच मागायचे. कलेक्टर पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणायचा."

"मग? गेलेच ना ते!"

मागच्या आठवड्यात चर्चची पेटी वाजवणारे बिंदुमाधव मास्तर पाच मिनिटांसाठी ठाण्यात चहाला गेले होते. ते अजून चहाच पीत होते. रेव्हरंडांनी ओळ स्वतःच्या हातानं खोडली.

उपासना सुरू झाली. ढुंढिराज शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. रेव्हरंडांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं. दर मागणीनंतर मंडळी एका सुरात म्हणत, "हे प्रभु, हमारी सुन."

मग खोडलेली ओळ आली. ती ओलांडून पुढं जायचं एवढंच काम होतं. पण रेव्हरंडांच्या घशाला कोरड पडली. घोटभर पाणी प्यायला ते थांबले.

इथं काय येतं, ते मंडळींना वर्षानुवर्षं पाठ होतं. चाळीस माणसं, एरवीपेक्षा जरा जोरातच म्हणाली, "हे प्रभु, हमारी सुन!"

रेव्हरंडांनी पेला घाईघाईनं खाली ठेवला. उरलेली उपासना त्यांनी कशी आटोपली, त्यांनाच कळलं नाही.

मंडळी पांगताच ढुंढिराज वही घेऊन पुढं आले.

"पाद्रीजी, तुम्ही तर काही बोललाच नाहीत. मग ह्या लोकांनी मागितलं काय?"

"मी काय सांगू, दरोगाजी? मी पाणी पीत होतो."

ढुंढिराजांनी बराच वेळ पेन्सिल चावली. वर काहीतरी कळवणं भाग होतं. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि हळूच वाचून दाखवली, "पाद्री चुप रहे. जनता सहमत."

"चालेल ना हो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.