चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या लाँड्रीत मामा आणि मामी हे नवरा-बायको लग्न झाल्यापासून एकत्रच काम करत होते. धुतलेल्या मोठ्या चादरीची घडी घालायला दोघं लागतात. एक टोक मामांच्या हातात असायचं, दुसरं मामींच्या. हल्ली मामींचा खांदा इतका दुखायचा, की हात वर करताना डोळ्यांत पाणी यायचं.

"जरा बसत जा गं," मामा म्हणायचे.

"मी बसले तर चादर काय भिंत धरणार आहे?" मामी हसण्यावारी न्यायच्या.

मामांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यांनी भिंतीला चिमट्यांची लाकडी पट्टी ठोकली, चादरीचं टोक तिच्यात अडकवलं, मामींना स्टुलावर बसवलं आणि एकट्याने ढीगभर घड्या घातल्या.

बातमी ऐकून मॅनेजरसाहेब स्वतः बघायला आले. मामांची पाठ थोपटत म्हणाले, "कमाल केलीत मामा. दोघांचं काम एकटे करताय." स्टुलावर बसलेल्या मामींना नवऱ्याचं कौतुक किती ऐकू नि किती नको, असं झालं होतं.



साहेब जाता जाता दारात थांबले. "मग उद्यापासून मामींना आणू नका."