ठोक्यागणिक

शरीरातल्या यंत्राचा कोड बदलण्याआधी तो रुग्णाला वाचून दाखवायचा, असा कायदा झाला होता. म्हणून संघमित्रा साळवे दवाखान्यातल्या खुर्चीत बसून स्वतःच्या पेसमेकरचा कोड ऐकत होत्या. संगणकाचा आवाज संथपणे वाचत होता. मध्येच एक शब्द आला आणि त्या ताठ झाल्या. शाळेत त्यांच्या बाकावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवायचं, तोच शब्द.

"ही माझ्या जातीला देतात ती शिवी आहे. माझ्या छातीत काय करतेय?"

तंत्रज्ञ मिहीर गोरामोरा झाला. "मॅडम, चुकीचे ठोके उचलून बाहेर टाकणाऱ्या भागाचं नाव आहे ते. हा जुना, सगळ्यांसाठी खुला कोड. इथल्याच कुणीतरी गंमत म्हणून नाव दिलं, कंपन्यांनी तसंच उचललं. आतलं कोण बघतं?"

पडद्यावर प्रत्येक ठोक्याला तो शब्द उजळत होता. त्यांचा संताप वाढला तसा तो भराभर लुकलुकू लागला.

"बदला."

"यंत्र बंद करून चालू करावं लागेल. मधले काही सेकंद हृदय थांबेल. नुसता शब्द तर आहे, मॅडम."

"तुमच्यासाठी."

मिहीरनं डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. "नवीन नाव काय देऊ? कोड खुला आहे, तुम्ही सांगाल तेच पुढे सगळ्यांच्या यंत्रात जाईल."

"सफाई. ते काम आहे, कुणाची जात नव्हे."

पडदा काळा झाला. संघमित्राबाईंनी डोळे मिटले. मग पडदा उजळला, पहिला ठोका पडला.

"हं," डोळे न उघडताच संघमित्राबाई म्हणाल्या, "पुढचं वाचा."